सुपडूचा मांडा

खापर तापलं का ते बघायला आक्कानं त्यावर थोडं पाणी शिंपडलं. थेंब चर्र करून उडाले.

"झालं," ती म्हणाली. "आण वं पुरण."

मी पुरणाचं पातेलं उचलतेय तोच तोताराम आबा पुढच्या दारात आले. आबा म्हणजे माझे चुलत सासरे. पाय धुळीनं भरलेले आणि खांद्यावर नवी कोरी घागर. दारालगतच्या ओट्यावर माझ्या सासऱ्यांच्या नावाची एक घागर आमच्या ह्यांनी सकाळीच मांडली होती. आबांनी आपली घागर तिच्या शेजारी टेकवली, उपरण्यानं घाम पुसला आणि मोठ्यानं म्हणाले, "ही सुपडूची."

कोपऱ्यात गोधडीवर पडलेली माझी सासू ताडकन उठून बसली. अंगात उठायचं बळ नव्हतं तिच्या, पण उठली.

"तोताराम, ती घागर उचल. उचल म्हणते ना!"

"वहिनी, ऐकून तर घे..."

"माझा सुपडू जित्ता आहे!"

आबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि आक्काकडे बघत उभे राहिले. आम्ही सगळेच आक्काकडे बघत होतो, कारण हो म्हणायचं की नाही ते तिच्यावर होतं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत होते.

आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात तो दिवस जेवढा माहेरवाशिणींचा, तेवढाच गेलेल्या माणसांचा. पाण्यानं भरलेली घागर मांडायची, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आंबे ठेवायचे आणि मग निखाऱ्यावर तूप सोडून गेलेल्याच्या नावानं घास टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. आगारी पडली की ते माणूस पितरांत जाऊन बसलं, आपल्या हातचं पाणी प्यायला मोकळं झालं. आणि आमच्या घरात त्यावर आणखी एक रीत होती. ज्याच्या नावाची आगारी, त्याचा पुरणाचा मांडा त्याच्या सगळ्यात जवळच्या बाईनं स्वतःच्या हातानं करायचा. अख्खा करायचा, कुठं फाटलेला चालायचा नाही. तो नसेल तर आगारी नाही, आणि आगारी नाही तर घागर म्हणजे नुसतं मडकं. सासऱ्यांचा मांडा माझी सासू करायची. तिचे हात थकल्यावर ती निदान गोळ्याला हात लावून द्यायची. सुपडूचा मांडा मात्र आक्कानंच करायला हवा होता. ती त्याची बायको.

सुपडू माझे थोरले दीर. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती. 'जाऊन' म्हणजे कुठं, तेच तर कुणाला ठाऊक नव्हतं. श्रावणात तापीला पूर होता, दीर मोटरचा कसलासा भाग आणायला भुसावळला म्हणून सायकलीवर निघाले ते परत आले नाहीत. सायकल पुलाजवळच्या निंबाला टेकवलेली सापडली. कुलूपसुद्धा लावलेलं होतं. गावानं नदी धुंडाळली, पार पुढच्या तालुक्यापर्यंत माणसं गेली, पण काही लागलं नाही. गाव म्हणालं, वाहून गेला. माय म्हणाली, वाहून जाणाऱ्या माणसाला सायकलीला कुलूप लावायला सुचतं काय?

सासूला सगळं घर माय म्हणायचं, तर मीही तेच म्हणायचे. मायची आधीची तीन पोरं पाळण्यातच गेली होती. म्हणून चौथं झालं तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि मग परक्या बाईनं उचलून आणल्यासारखं करून घरात आणलं. हे पोर टाकाऊ आहे, कुणाच्या कामाचं नाही, असं मरणाला वाटावं. म्हणून नाव सुपडू. माय मला सांगायची, "मरणाला फसवून ठेवलेलं पोर आहे ते. त्याला नाही काही होत."

म्हणून रोज दोन्ही वेळेला आमच्या घरात एक पोळी जास्तीची व्हायची. सुपडूची पोळी. माय ती स्वतः दुरडीत फडक्याखाली ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती गायीला घालायचे. नवी नवरी होते तेव्हा मला त्या पोळीची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. आल्या दिवसापासून घरात एका न दिसणाऱ्या माणसाचं ताट. पुढं सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

दर आखाजीला आबा विषय काढायचे आणि दर आखाजीला आक्का मान हलवून म्हणायची, "नको आबा. यंदा नको." बस, विषय संपला. गावातल्या बाया तिचं केवढं कौतुक करायच्या. अशी बायको मिळायला भाग्य लागतं म्हणायच्या. मलाही तसंच वाटायचं.

पण त्या वर्षी बारा वर्षं होऊन गेली होती. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, नाही आला तर त्याचं पाणी करून टाकायचं, ही सगळ्यांची रीत. मायच्या डोक्यात मात्र ती उलटी बसली होती. बारा वर्षं झाली, म्हणजे आता तो येणारच! पाडव्याच्या दिवशी तिनं ताट सरकवलं आणि जाहीर केलं, "सुपडूच्या हातात मी पोळी देईन तेव्हाच माझ्या तोंडात पोळी जाईल." पोळी नाही, भाकरी नाही, भात नाही. वाटीभर दूध, कधी शेवयांची दोन बोटं खीर. ह्यांनी हात जोडले, मी रडले, आबा ओरडले. ती हसायची आणि म्हणायची, "येईलच वं आता. कितीसे दिवस?" आखाजीपर्यंत तिच्या हातातलं चांदीचं कडं कोपराच्या वर जायला लागलं होतं. डॉक्टर बाहेर येऊन ह्यांना म्हणाले होते, यांना अन्न द्या, औषधाची गरजच नाही यांना.

आणि आक्का? तिचं नाव द्वारका. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठी. पहिलं वर्षभर मी तिला अहो-जाहो करायचे. मग एका उन्हाळ्यात तिनं मला मांडे शिकवायला घेतले आणि पहिल्याच दिवशी माझी कणीक तिच्या तोंडावर उडाली. ती अशी काही हसली की डोळ्यांतून पाणी! म्हणाली, "कणीक फेकून मारते आणि वर अहो म्हणते! तू म्हण मला." तेव्हापासून तू.

मांडा करताना आक्का वेगळीच बाई व्हायची. एरवी खाली मान घालून चार माणसांचं काम करणारी, कामापुरतं बोलणारी. पण गहू निवडायला घेतले की तिचा चेहरा उघडायचा. गहू ओलावून, वाळवून, दळून आणायचे, ते पीठ लुगड्याच्या मऊ फडक्यातून गाळायचं. मग कणीक भिजवून ती परातीत आदळायची, उचलून आदळायची, पाणी लावून पुन्हा आदळायची. मी थकून बसायचे, तिचं चालूच. ओढली की लांब यायची, सोडली की परत जायची, अशी कणीक झाली की म्हणायची, "आता जिवंत झाली बघ." दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून आधी लाटायचं आणि मग तो मांडा दोन्ही हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत, फिरवत फिरवत मोठा करायचा. पार दुसऱ्या बाजूचा उजेड दिसेपर्यंत. आणि तसाच झपकन उपड्या खापरावर. वास सुटायचा तो थेट गल्लीच्या टोकाला. पुरणाचा, जायफळाचा, भाजलेल्या गव्हाचा, खालून कपाशीच्या काड्यांच्या धुराचा. शेजारच्या पोरी दारात येऊन उभ्या राहायच्या. आक्का गुणगुणायची. मला वाटतं तेवढे दोन तास तिला कुणाची बायकोही असायला लागायचं नाही आणि कुणाची सूनही.

पहिला मांडा मात्र नेहमी फुकट जायचा. खापर कुठं जास्त तापलंय, कुठं कमी, ते त्याच्यावर कळायचं. तो फाटायचा, चिकटायचा, काळा व्हायचा. पहिला कधी माणसाला वाढायचा नाही, देवाला नाही, पितरांना तर नाहीच. तो कुत्र्याला.

तिच्या हाताचं नाव इतकं झालं होतं की लग्नकार्यात लांबून बोलावणी यायची. त्या फाल्गुनात ती तिच्या मावशीकडे नवापूरला गेली होती. मावशीच्या शेजाऱ्यांकडे लग्न होतं, वऱ्हाड सुरतेहून येणार होतं. मांडे तूच कर म्हणून मागे लागले. चार दिवसांसाठी गेलेली आक्का दोन दिवसांत परत आली आणि त्यानंतर तिचं काहीतरी बिनसलं. गुणगुणणं बंद झालं. मायचं ताट परत यायला लागलं तेव्हा आम्ही सगळे गयावया करायचो, ती नुसती दारात उभी राहून मायकडे बघायची. एकदा तर मला तिचा रागच आला. मनात म्हटलं, हिला काय, हिलाही तेच पाहिजे. दोघी मिळून त्याची वाट बघून राहिल्यात, आणि म्हातारी उपाशी मरून जाईल.

तर असं सगळं होतं, आणि आबा दाराशी उभे होते.

"द्वारका," ते म्हणाले, "बारा वर्षं माझ्या पुतण्याला कुणी पाण्याचा थेंब दिला नाही. माझं वय झालं, पोरी. मी वर जाईन तेव्हा भाऊ मला विचारेल, माझ्या पोराला तहानलेलं का ठेवलं? काय सांगू त्याला?"

"सांग, तो तिकडे आलाच नाही म्हणून!" माय ओरडली. "ए भागवत, तू तरी बोल काही! तुझा भाऊ आहे ना तो?"

भागवत म्हणजे आमचे हे. ते भिंतीला टेकून खाली बघत म्हणाले, "माय, वहिनी म्हणेल तसं."

आक्कानं कणकेतून हात काढले. बोटं एकेक करून निपटली. मग ती उठून मायच्या समोर जाऊन बसली.

"माय, आज आखाजी आहे. आज तरी जेवाल?"

"तुला माहीत आहे मी कधी जेवेन ते."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

"तर नाही जेवणार." माय एकदम हळू बोलायला लागली. "द्वारके, तू नको वं असं विचारू. लोकांचं सोड. तू आणि मी, दोघीच तर आहोत त्याच्या. मी डोळे मिटले तरी तू पोळी ठेवशील ना त्याची?"

आक्का कितीतरी वेळ तिच्या त्या काडीसारख्या मनगटाकडे बघत बसली. मग उठली. दाराशी येऊन आबांना म्हणाली, "भरा घागर. त्यांचा मांडा मी करते."

माझ्या हातातून पुरणाची पळी पडली. आबा, जे बारा वर्षं हेच मागत आले होते, तेही दचकले. म्हणाले, "नीट विचार करून बोल हं पोरी."

"केला."

आणि मग मायनं जे तोंड सोडलं! देवा रे देवा. माझ्या सासूच्या तोंडून मी तसले शब्द आधी कधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही. "कपाळ पांढरं करायची घाई झाली काय गं तुला? माझ्या पोराला खातेस? बारा वर्षं त्याचं कुंकू लावून मिरवलीस, कंटाळलीस काय आता?" बोलता बोलता तिला धाप लागली, खोकला आला. ह्यांनी तिला धरून ठेवलं. दारात बाया जमल्या होत्या. आक्कानं पदर खोचला. ती चुलीपाशी येऊन बसली. मला म्हणाली, "जाळ सारखा कर."

मी जाळ सारखा केला. पहिला मांडा तिनं टाकला, तो नेहमीसारखा फाटला, तिनं काढून बाजूला ठेवला. दुसरा सासऱ्यांचा. त्या गोळ्याला मायनं हात लावायला नकार दिला तेव्हा आक्कानं तो तसाच केला.

मग तिसरा गोळा घेतला.

मी मनात म्हणत होते, फाट. फाट रे बाबा. फाटला म्हणजे सुटलो. अशा वेळी कुणाचा हात स्थिर राहील? पण आक्काचा हात हलला नाही. मांडा या हातावरून त्या हातावर जात राहिला, मोठा होत राहिला, कोपराच्या खाली लोंबायला लागला, त्याच्यातून मला चुलीतला जाळ दिसायला लागला. इतका मोठा, इतका पातळ मांडा तिनं आयुष्यात केला नव्हता. खापरावर पडला तो खापर झाकून दोन्ही बाजूंनी खाली आला. कुठं भोक नाही, कुठं डाग नाही. तिनं तो काढला, चौघडी घातली आणि ताटलीत घेऊन ओट्यावर गेली.

आबांनी निखाऱ्यावर तूप सोडलं. म्हणाले, "नाव मी घेतो. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं."

"आता घ्यायला हरकत नाही," आक्का म्हणाली.

तिनं मांडा मोडला, निखाऱ्यावर टाकला आणि चांगलं स्पष्ट, बाहेरच्या बायांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "सुपडू. खा." आणि त्याच पिठाच्या हातानं कपाळावरचं कुंकू पुसलं. पिठाचा पांढरा पट्टा राहिला कपाळावर.

माय त्या क्षणी बोलायची थांबली. आणि मग रडली. बारा वर्षं ती बाई रडली नव्हती. तिच्या लेखी रडण्यासारखं काही घडलंच नव्हतं. दुपार कलेपर्यंत रडली. पाळण्यातल्या तीन पोरांची नावं घेतली, सुपाचं सांगितलं, सुईणीचं सांगितलं, सुपडू लहानपणी कच्ची कणीक चोरून खायचा ते सांगितलं. आम्ही सगळे तिच्याभोवती बसून रडलो. शेवटी आवाज गेला. मग तिनं डोळे पुसले आणि तिला न शोभणाऱ्या बारीक आवाजात म्हणाली, "द्वारके. राहिलाय का गं त्याच्या वाटचा?"

आक्का अर्धा मांडा आणि दूध घेऊन आली. दुधात कुस्करून तिनं मायला एकेक घास भरवला. माय रडत होती आणि खात होती. सगळा खाल्ला. मग आणखी मागितला.

ऊन उतरल्यावर आक्का मागच्या अंगणात खापर थंड करत बसली होती. खापर गरम असताना हलवलं तर तडकतं, त्याच्यापाशी बसून राहावं लागतं. मी उरलेले मांडे दुरडीत भरत होते. दिवसभर दाबून ठेवलेलं माझं तोंड सुटलं.

"आक्का, तुला झालं तरी काय? दहा-बारा वर्षं नाही म्हणालीस. आज एका शब्दात हो? खरंच गेले असं वाटतं तुला? कशावरून?"

"नाही गेला," आक्का म्हणाली.

मला वाटलं मी भलतंच काही ऐकलं.

"जिवंत आहे. सुरतेत असतो. कापडाच्या गिरणीत, असं कळलं." ती खापराकडे बघत बोलत होती. "नवापूरच्या लग्नात आला होता. नवरदेवाच्या बाजूनं."

"माय वो!" मी दुरडी बाजूला सारली. "तू पाहिलंस? स्वतः?"

"मांडवामागं खापर मांडलं होतं. मी मांडे टाकून राहिले होते. ऊन, धूर, पदर पार नाकापर्यंत ओढलेला. कुणीतरी आलं आणि म्हणालं, बाई, एक गरम द्या ना हातावर. आवाज ऐकला आणि मला वाटलं मला झोप लागलीय. पदरातून बघितलं तर तोच. जाडा झालाय. कडेवर पोरगी, चार-पाच वर्षांची. मागं बाई उभी. हिरवी साडी."

"मग?"

"मग काय. दिला मांडा."

"काही बोलली नाहीस?"

"त्यानं तिथंच उभं राहून खाल्ला. पहिल्या घासाला थांबला. मला वाटलं आता ओळखतो. कोकिळे, मी पदर वर घेणार होते. हात पिठाचा होता म्हणून तेवढा वेळ लागला." मग म्हणाली, "त्यानं मागं वळून त्या बाईला सांगितलं, अस्साच मांडा माझी माय करायची. गेली ती. तिच्यामागं असा कधी खाल्ला नव्हता."

पलीकडे झोके खेळणाऱ्या पोरी आखाजीची गाणी म्हणत होत्या. घरात माय झोपली होती, पोट भरून, महिन्याभरात पहिल्यांदा.

"गेली म्हणाला?"

"गेली म्हणाला. ती बाई चुक् चुक् करून म्हणाली, सासू बघायला मिळाली नाही माझ्या नशिबात. पोरगी म्हणाली, मला पण मांडा. तिला अर्धा दिला. मग खापरावरचा जळायला लागला होता, तो काढला."

मी रडत होते. आक्का रडत नव्हती.

"मग आल्या आल्या सांगायचं ना! आमच्या ह्यांना पाठवलं असतं, फरपटत आणलं असतं त्याला. मायच्या पायावर घातलं असतं."

"आणि मायला काय सांगितलं असतं? तुमच्या पोरानं तुम्हाला कधीचंच मारून टाकलं म्हणून?" आक्कानं खापराला पालथा हात लावून बघितला. अजून गरम होतं. "पाडव्यापासून महिनाभर बघून राहिले. मला वाटलं माय धरेल थोडे दिवस आणि सोडेल हट्ट. ती नाही सोडत. त्याच्यासाठी उपाशी मरून राहिली होती, आणि तो तिकडे दोन्ही हातांनी मांडा खाऊन राहिला होता. कुणा एकाला तर मारावंच लागणार होतं, कोकिळे. त्यानं मायला मारलं. मी त्याला मारलं. माय जेवली तरी."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तुझ्या पोटात राहू दे. भागवत भाऊजींच्याही कानावर नको."

राहिलं. माय त्यानंतर चांगली नऊ वर्षं जगली. रोज दोन पोळ्या खायची. सुपडूची पोळी ठेवायची बंद झाली. कधी विषय निघाला तर म्हणायची, द्वारकेनं माझ्या पोराला वाटेला लावलं, तहानलेला फिरत होता बिचारा. आणि आक्कानं दर आखाजीला त्याचा मांडा केला. एकही वर्ष चुकवलं नाही, एकही मांडा फाटू दिला नाही. कपाळ तसंच ठेवलं. लग्नांची बोलावणी येत राहिली, पण ती पुन्हा कधी गेली नाही. गुणगुणली मात्र नाही ती पुन्हा. मी कान देऊन असायचे.

गेल्या माघात आक्का गेली. सुरतेहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून मला अधूनमधून कळतं, तो अजून आहे. गुडघे दुखतात म्हणे. नातवंडं आहेत.

यंदाच्या आखाजीला ओट्यावर चार घागरी मांडल्या. सासऱ्यांची, मायची, सुपडूची आणि आक्काची. आता सगळे मांडे माझ्याच हातचे. पायरीवर बसून हे निखारे फुंकत होते. सासऱ्यांचा मांडा टाकून झाला, मायचा झाला, आक्काचा झाला. तो मी असा केला होता की ती असती तर पाठीवर थाप मारली असती. मग ह्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "दादाचा दे."

मी दुरडीत हात घातला. खापराची परीक्षा घेऊन झालेला पहिला मांडा एका बाजूला काढून ठेवला होता, तो उचलून त्यांच्या हातावर ठेवला. मधोमध मोठं भोक, एक कड काळी.

ह्यांनी तो उलटून बघितला. "अगं, हा फाटका आहे."

"चालतो त्यांना," मी म्हटलं.